आमच्या घरांतला छापखाना

कुटुंबांत नवें यंत्र आलें म्हणजे घरांत एक नवें माणूसच आलें असें समजावें. त्याचा स्वभाव कळेपर्यंत सर्वांनाच कांहीं दिवस जपून वागावें लागतें, आणि तो कळला असें वाटूं लागतें न लागतें तोंच तें एके दिवशीं रुसून बसतें. आमच्या घरीं तीन वर्षांपूर्वीं चिरंजीवांनीं छपाईचें एक लहानसें यंत्र आणलें. त्यास 'मुद्रकयंत्र' म्हणावें असें आम्हीं सुचवून पाहिलें. परंतु घरांतील लहानथोर सारी मंडळी त्यास 'प्रिंटर'च म्हणतात, आणि बहुमतापुढें संस्कृताच्या जुन्या शिक्षकाचें कांहीं चालत नाहीं, हा अनुभव आम्हांस शाळेंतहि होताच. तेव्हां येथें आम्हीहि प्रिंटरच म्हणतों.

हें यंत्र घेतलें गेलें तें वस्तुतः आमच्या वडील बंधूंसाठीं. दादांचें वय आज अठ्याहत्तर. वार्धक्यामुळें त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग क्षीण झाला आहे. कडेचें दिसतें, पण ज्याकडे रोखून पाहावें तेंच नेमकें पुसट होतें. ज्या दादांनीं निर्णयसागर छापखान्याच्या बारीक टाइपांतील टीका कंदिलाच्या उजेडांत वाचल्या, त्यांस आज वर्तमानपत्राचा मथळा तेवढा लागतो. चिरंजीवांनीं त्यांना एक टॅबलेट आणून दिला होता. त्यावर अक्षर हवें तेवढें मोठें होतें. पण "ह्याचा उजेड डोळ्यांत घुसतो, आणि हातांत धरला तरी पान धरल्यासारखें वाटत नाहीं," असें म्हणून दादांनीं तो दुसऱ्याच दिवशीं परत केला. तेव्हांपासून रोज सकाळीं संध्या आटोपल्यावर आम्ही अठ्ठावीस पॉइंटाच्या ठळक अक्षरांत चार पानें छापून त्यांच्या हातीं देतों. दोन बातम्यांचीं आणि दोन रघुवंशाचीं. एका पानावर तीन-चार श्लोक जेमतेम मावतात. मान किंचित् वाकडी करून, भिंगाखालीं, दादा तीं पानें दिवसभर पुरवून पुरवून वाचतात.

गेल्या श्रावणांतील गोष्ट. एका रविवारीं रात्रीं सूनबाईनें आपल्या कचेरीचे तीसएक कागद छापून घेतले. ती एका कंपनीचें हिशेबाचें काम घरीं बसून करते. महिनाअखेर आली कीं तिचें काम रात्रीं उशिरांपर्यंत चालतें. सोमवारीं सकाळीं आम्ही नित्याप्रमाणें संगणकापुढें बसून छपाईची आज्ञा दिली, तों 'प्रिंटर ऑफलाइन आहे' असा शेरा पडद्यावर उमटला. आज्ञा पुन्हां दिली. पुन्हां तोच शेरा. सहासात वेळां असें झाल्यावर आम्हीं यंत्र भिंतीवरच्या बटणानें बंद करून परत चालू केलें. थोड्या वेळानें तें एकदम जागें झालें, मागच्या बाजूनें एक कागद त्यानें ओढून घेतला, 'कर्र' असा आवाज केला आणि कागदासकट थांबलें. आम्हीं तो कागद पुढून हिसकला. निम्माच हातांत आला. त्यानंतर एक पान कसेंबसें, वाकडें होऊन बाहेर पडलें. पण रघुवंशाच्या अक्षरांवरून कोणी फणी फिरवावी तशा त्यावर पांढऱ्या रेघाच रेघा! तिसऱ्या पानाला पुन्हां 'कर्र'.

काकतालीय न्याय आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकवला. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एक गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं, हें फळ्यावर झाड काढून समजावून सांगितलें. आणि त्या दिवशीं, रात्रीं सूनबाईनें छापलें, सकाळीं यंत्र बिघडलें, म्हणजे सूनबाईनेंच तें बिघडवलें, असा निवाडा आम्हीं चहा निवण्याच्या आंत देऊन टाकला! तोहि मनांत ठेवला असता तर एक वेळ चाललें असतें. "हा प्रिंटर दादांसाठीं घेतला आहे, तुमच्या कचेरीसाठीं नव्हे," असें आम्ही स्वयंपाकघराच्या दारांत उभे राहून, चार माणसांसमक्ष म्हणालों. ती एवढेंच म्हणाली, "बाबा, माझें काम झालें तेव्हां तो नीट चालत होता," आणि भाजी चिरूं लागली. पुतण्याचा नऊ वर्षांचा मुलगा तेथेंच होता. त्यानें मे महिन्यांत डायनोसॉरचीं रंगीत चित्रें छापलीं होतीं, तेव्हां जातां जातां त्यालाहि आमच्या जिभेचा एक फटका बसला.

दुसऱ्या दिवसापासून सूनबाई पिशवींत पेनड्राइव्ह घालून स्टँडाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत जाऊं लागली. रत्नागिरीचा श्रावणांतला पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस त्या वाटेचें वर्णन करावयास नको. तिला कोणी जा म्हटलें नव्हतें. जाऊं नको असेंहि कोणी म्हटलें नाहीं.

दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांस फोन केला. त्यांनीं यंत्र न पाहतांच "हेड गेलें असणार" असें निदान केलें. नव्या हेडची किंमत जवळजवळ नव्या यंत्राइतकी पडते आणि त्यांस यावयास आठ दिवस लागतील, हेंहि सांगितलें. आम्ही स्वस्थ बसलों. गुरुवारीं दुपारीं दादांच्या खोलींत गेलों, तों ते भिंगाखालीं पान धरून बसले होते. तें रविवारचें पान होतें. चार दिवस ते तींच चार पानें वाचीत होते, बातम्यांचींसुद्धां. आम्हांस पाहतांच त्यांनीं पान पालथें ठेवलें आणि पाऊस किती झाला म्हणून विचारलें.

त्या रात्रीं झोंप लागेना. तेव्हां शाळेंतला एक जुना प्रसंग आठवला. आमच्या कचेरींत लेसर जातीचा प्रिंटर होता. एकदां त्याच्या प्रत्येक पानावर एकाखालीं एक काळे ठिपके उमटूं लागले. कारकून कागदाला दोष देत होते, आम्ही कारकुनांस देत होतों. शाळेच्या शिपायानें मात्र फूटपट्टी घेतली, ठिपक्यांमधलें अंतर मोजलें, आणि म्हणाला, "सर, सगळीकडे साडेनऊ सेंटीमीटर भरतें. म्हणजे आंत कांहींतरी गोल फिरतें आहे, आणि त्याच्या एका फेऱ्याला एक ठिपका पडतो." तसेंच होतें. त्या जातीच्या यंत्रांत शाई नसून पूड असते. विद्युद्भारित रुळावर प्रकाशानें अक्षरें रेखली जातात, त्यांना पूड चिकटते, ती कागदावर उतरते, आणि सुमारें २०० अंश सेल्सिअस तापलेल्या दुसऱ्या रुळाखालीं वितळून पक्की बसते. म्हणूनच तें पान हातांत कोमट लागतें, आणि म्हणूनच तें यंत्र उघडल्याबरोबर आंत बोट घालूं नये. पहिल्या रुळावर एक ओरखडा पडला होता. पुडीचा डबा बदलतांच, तो रूळ त्या डब्यांतच असल्यामुळें, ठिपके नाहींसे झाले. शिपायानें माणसांस कांहीं विचारलें नव्हतें; त्यानें ठिपक्यालाच विचारलें.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. पुडीनें अक्षर उठविण्याची ही युक्ति चेस्टर कार्लसन नांवाच्या अमेरिकन गृहस्थाची. ते एका कंपनीच्या पेटंट-विभागांत कामाला होते. कागदांच्या नकला हातानें करकरून जीव मेटाकुटीस येई, त्यांत सांधेदुखी जडलेली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागांतील एका भाड्याच्या खोलींत, त्या दिवसाची तारीख व त्या जागेचें नांव एवढीच अक्षरें त्यांनीं प्रथम उठविलीं. पुढें कित्येक वर्षें त्या शोधाला कोणी विचारीना. सांधे दुखत असतां मनुष्य इतका चिकाटीनें वागला, आणि आम्ही धडधाकट असून यंत्राचें झांकणहि उघडलें नव्हतें! असो.

शुक्रवारीं सकाळीं आम्हीं एक जुनी वही घेतली आणि तिन्ही लक्षणें वेगवेगळीं लिहिलीं: ऑफलाइन, कागद अडकणें, पांढऱ्या रेघा. तीन लक्षणें एका दिवशीं दिसलीं म्हणून त्यांचें मूळ एकच असलें पाहिजे असें नाहीं, हें कागदावर लिहिल्याबरोबर स्पष्ट झालें. रागांत तें दिसलें नव्हतें.

प्रथम पाहावयाचें तें हें, कीं दोष यंत्रांत आहे कीं संगणकांत. याची एक सोपी युक्ति आहे. आमचें यंत्र छापतें तसें प्रतहि काढतें. संगणकास हात न लावतां, यंत्राच्या कांचेवर एखादा लिहिलेला कागद पालथा घालून यंत्रावरचेंच प्रत काढण्याचें बटण दाबावें. प्रत नीट निघाली तर यंत्र निर्दोष. बिघाड संगणकांत, किंवा त्या दोहोंमधल्या वाटेवर. संगणक नसतांहि बिघाड तसाच राहिला, तर मात्र संगणकाच्या मागें लागण्यांत अर्थ नाहीं. यालाच अन्वय-व्यतिरेकाची परीक्षा म्हणतात, आणि ती आम्हीं परीक्षेच्या उत्तरपत्रिकांखेरीज कोठें वापरली नव्हती. आम्हीं प्रत काढूं पाहिली, तों 'कर्र' झालें. म्हणजे कागद अडकणें हा खास यंत्राचा दोष, आणि 'ऑफलाइन' ही भानगड निराळी.

ती निराळीच होती. रविवारीं मध्यरात्रीनंतर दोनदां वीज गेली होती. घरांतील वायफायची पेटी बंद पडून पुन्हां चालू झाली म्हणजे घरच्या प्रत्येक यंत्रास ती एक पत्ता नेमून देते, आणि तो पूर्वीचाच असेल असा नियम नाहीं. प्रिंटरला नवें घर मिळालें. संगणक जुन्याच पत्त्यावर टपाल टाकीत राहिला. उपाय क्रमानें करावा: आधीं वायफायची पेटी बंद करून चालू करावी, ती स्थिरावली कीं प्रिंटर, आणि सर्वांत शेवटीं संगणक. तेवढ्यानें न भागल्यास संगणकाच्या यादींतून प्रिंटरचें नांव काढून तें नव्यानें घालावें. चिरंजीवांनीं नंतर पेटींतच प्रिंटरचा पत्ता कायमचा बांधून टाकला, तेव्हांपासून ती कटकट मिटली. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आज्ञा वारंवार देऊं नये. प्रत्येक आज्ञा रांगेंत उभी राहते. पहिली अडकली कीं ती दार अडवून बसते आणि मागच्या साऱ्या ताटकळतात. रांग उघडून आम्ही पाहिली तों आमच्या सातहि आज्ञा तेथें निमूटपणें उभ्या होत्या. त्या सर्व रद्द केल्या. तिन्ही दोषांपैकीं हा एकच काय तो आमच्या माथीं येत नाहीं.

आतां अडकलेल्या कागदाची गोष्ट. अशा वेळीं यंत्राची वीज तोडावी, झांकण उघडावें, आणि कागद ज्या दिशेनें जात होता त्याच दिशेनें, दोन्ही हातांनीं, सावकाश ओढावा. आम्हीं केलें होतें त्याच्या नेमकें उलट. फाटलेला तुकडा आंत राहिला, तर दिसावयास यंत्र रिकामें दिसतें आणि प्रत्येक कागद तेथेंच अडखळतो. पुतण्याच्या मुलाला विजेरी धरावयास सांगितली. चिमट्यानें तो तुकडा काढला. "आजोबा, आणखी कांहींतरी आहे," मुलगा म्हणाला. मागच्या बाजूस, जेथून कागद आंत शिरतो त्या वर तोंड असलेल्या खांचेच्या तळाशीं, एक लहानसा तपकिरी तुकडा बसला होता. चिमट्यानें वर काढून पाहिला.

सुपारीचें खांड!

आमच्या घरीं अकरा माणसें. त्यांत सुपारी खाणारे आम्ही एकटे. दुपारीं जेवण झाल्यावर त्याच मेजाशीं बसून, प्रिंटरच्या शेजारीं, अडकित्त्यानें सुपारी कातरण्याची आमची पंचवीस वर्षांची संवय. मुलानें आमच्याकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां विजेरी विझविली. खरें सांगावयाचें तर तें खांड आम्हीं प्रथम खिशांत घातलें.

कागदहि निर्दोष नव्हता. पुडक्याचें वेष्टन फाडून तें आम्हीं कपाटांत उघडें ठेवलें होतें, आणि पावसाळ्यांत त्यांतील कागद सादळलेल्या पापडासारखा मऊ पडला होता. असे कागद एकमेकांस धरून राहतात आणि एकाऐवजीं दोन-तीन आंत जातात. आतां आम्ही पुडकें प्लॅस्टिकच्या पिशवींत तोंड बांधून ठेवतों, एका वेळीं वीस कागद घेतों, आणि ते पत्त्यांसारखे फुलवून मग खांचेंत उभे करतों. पंचाहत्तर ग्रॅमचा साधा कागद पुरतो. महागाची गरज नाहीं.

राहिल्या पांढऱ्या रेघा. आमच्या यंत्रांत पातळ शाई आहे. हेडच्या पोटाशीं केसाहूनहि बारीक छिद्रांच्या रांगा असतात, त्यांतून शाईचे तुषार उडून अक्षर होतें. एक छिद्र वाळून बुजलें कीं तेवढी रेघ कोरी. यंत्र त्याच्या अंगावरच्या बटणानें बंद केलें तर तें लगेच विझत नाहीं. हेड एका कोपऱ्यांत जातें, तेथल्या मऊ रबराच्या टोपींत तोंड झांकून घेतें, आणि मग दिवा मालवतो. मध्येंच वीज तोडली, तर तें तोंड उघडें टाकून आहे तेथें पडून राहतें. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत हें लिहिलें होतें. तीन वर्षें ती पुस्तिका कपाटांत आमच्याच हातानें व्यवस्थित ठेवलेली.

रोज रात्रीं निजण्यापूर्वीं घरभर फिरून दिवे, पंखे, बटणें पाहण्याचा आमचा नेम आहे. विजेचें बिल आम्ही भरतों, असें आमचें म्हणणें. तें गेलीं सात वर्षें चिरंजीव भरतात. त्या रविवारीं सूनबाई शेवटचा कागद उचलून गेली, आणि पाठोपाठ आम्हीं खोलींत जाऊन, यंत्राचा दिवा लुकलुकत असतांनाच, भिंतीवरचें बटण बंद केलें. सूनबाई म्हणाली तें अक्षरशः खरें होतें. तिचें काम झालें तेव्हां यंत्र नीट चालत होतें. आमचें झालें तेव्हां बिघडलें. तरी बरें, पावसाळी हवेंत शाई सावकाश वाळते. वैशाखांत हें घडतें तर छिद्रें अधिक पक्कीं बुजतीं.

यावर उपाय यंत्राच्याच पोटांत आहे. प्रथम छिद्रांच्या परीक्षेचें नमुना-पान काढावें. त्यावर चार रंगांच्या बारीक रेघा येतात. आमच्या पानावर तीन रंग शाबूत होते, काळ्यांत मात्र जागोजाग खिंडारें. मग हेड धुण्याची आज्ञा द्यावी आणि पुन्हां नमुना काढून ताडून पाहावा. येथें मोह आवरावा लागतो. प्रत्येक धुण्यांत बरीच शाई खर्च होते, आणि ती यंत्राच्या तळाच्या नमद्यांत जिरते. तो नमदा भरला म्हणजे यंत्र काम नाकारतें. आम्ही तीन धुण्यांवर थांबलों. आमच्या कुटुंबानें टांचणी आणून पुढें केली होती, ती परत पाठविली. त्या छिद्रांत टांचणी घालणें म्हणजे डोळ्यांतील कुसळ मुसळानें काढणें. यंत्र त्याच्याच बटणानें बंद करून निदान बारा तास निजूं द्यावें, म्हणजे आंत वाळलेली शाई मऊ पडते. त्याप्रमाणें शनिवारीं दुपारीं तें बंद केलें.

त्या सायंकाळीं सूनबाई दुकानांतून आली, ती पदराखालीं कागद आणि पदर ओला. आम्ही ओसरीवरच बसलों होतों. खिशांतलें खांड काढून आम्हीं तिच्यापुढें पाटावर ठेवलें आणि तें कोठें सांपडलें तें सांगितलें, बटणाचेंहि सांगितलें. पूर्वीं चार माणसांसमक्ष बोललों होतों, म्हणून हेंहि चार माणसें असतांनाच बोललों. वर्गांत मुलांकडून 'चुकलों' हा शब्द आम्हीं हजारों वेळां वदवून घेतला आहे. स्वतः म्हणतांना त्याला इतकीं जोडाक्षरें नसूनहि जीभ जड होते. तिनें खांडाकडे पाहिलें, मग आमच्याकडे. "बाबा, उद्यां माझे बारा कागद आहेत," ती म्हणाली. "मोठ्या काकांचीं पानें झालीं कीं छापूं ना?" आणि आंत जातां जातां तिनें मेजावरचा अडकित्ता उचलून ओसरीच्या कोनाड्यांत नेऊन ठेवला. तो अजून तेथेंच आहे. मुलानें आपल्यावरील आळाची भरपाई म्हणून एक रंगीत डायनोसॉर मागितला. रंगांचीं छिद्रें वाळूं नयेत म्हणून आठवड्यांतून एकदां तरी रंगीत पान काढावें, असें पुस्तिकेंत आहेच. तेव्हां आतां दर रविवारीं एक डायनोसॉर निघतो.

रविवारीं सकाळीं नमुना-पान काढलें. काळ्या रेघा अखंड होत्या. रघुवंशाचें पान छापून दादांच्या हातीं दिलें. त्यांनीं तें प्रथम नाकाशीं नेऊन हुंगलें, मग भिंगाखालीं घेतलें. बराच वेळ गेला.

"दुसऱ्या श्लोकांतल्या विसर्गाचें खालचें टिंब उमटलें नाहीं," ते म्हणाले.

आम्हीं पान खिडकींत नेऊन उजेडांत पाहिलें. टिंब होतें, वरच्याइतकेंच काळें. "हो, राहिलें आहे खरें," असें म्हणून आम्ही उठलों, आणि तेंच पान बत्तीस पॉइंटांत पुन्हां छापून आणलें.